रंगीत अ‍ॅक्रिलिक शिल्प पुसल्यानंतर कडेला केसासारख्या रेघा उमटल्या आहेत. हे ओरखडे समजावेत की तडे?

तिरका_घन

नमस्कार. भौमितिक आकारांची लहान शिल्पे जमवण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. आजवर जे काही माझ्याकडे आले ते लाकडाचे, पितळेचे किंवा दगडाचे होते, आणि त्या वस्तूंची निगा कशी राखायची हे चुकतमाकत का होईना, मला समजत गेले. चार महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदाच रंगीत अ‍ॅक्रिलिकचे शिल्प घेतले, आणि या पदार्थासमोर माझा सगळा अनुभव निरुपयोगी ठरतो आहे असे वाटते.

शिल्प म्हणजे एक चौकोनी स्तंभ आहे. उंची ३० सेंमी, तळ १० सेंमी बाय १० सेंमी, आतून भरीव. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पोटात किरमिजी, नारिंगी आणि गडद निळ्या रंगांचे पातळ थर तिरपे बसवलेले आहेत. शिल्पाभोवती फिरू लागले की एका विशिष्ट ठिकाणी निळा थर अचानक दिसेनासा होतो आणि किरमिजी थर दोन ठिकाणी दिसू लागतो. त्या एका क्षणासाठीच मी ते घेतले, हे कबूल करायला हरकत नाही.

धूळ त्यावर दोन दिवसांत बसते. सुरुवातीला मी कोरड्या कापडाने पुसत होते, पण पुसल्यावर धूळ कमी होण्याऐवजी वाढल्यासारखी वाटे. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी खिडकीच्या काचा पुसायचा फवारा मारून ते स्वच्छ केले. त्या दिवशी ते अगदी लख्ख दिसले. त्यानंतर काही दिवसांनी एका उभ्या कडेलगत बारीक रेघा दिसल्या. त्या साधारण ४ ते ५ मिमी लांबीच्या, एकमेकींना समांतर आणि कडेला काटकोनात आहेत. समोरून पाहिले तर दिसत नाहीत, मात्र संध्याकाळचा तिरपा उजेड पडला की चांदीच्या तारेसारख्या चमकतात. याखेरीज तळाजवळ, जिथे निळा थर पारदर्शक भागाला चिकटवलेला आहे, तिथे नखाएवढा एक डाग आहे. पाण्यावर तेल पसरावे तसे त्यात रंग दिसतात. हा डाग आधीपासून होता की नंतर आला, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

या रेघा पॉलिश करून घालवता येतील का? तो सप्तरंगी डाग वाढेल का? शिवाय याच प्रकारचे आणखी एक शिल्प घेण्याचा विचार आहे, तर घेताना नेमके काय पाहावे?

करवत_आणि_कानस

नमस्कार. मी शिल्पकार नाही. अ‍ॅक्रिलिकचे पत्रे कापणे, चिकटवणे आणि चमकवणे हे माझे रोजचे काम आहे, आणि अधूनमधून कलावंतांच्या कामांचे सुटे भागही मी तयार करून देतो. आपण केलेले वर्णन इतके स्पष्ट आहे की शिल्प न पाहताही मी बरेच काही सांगू शकतो.

ते ओरखडे नाहीत, बारीक तडे आहेत. आमच्या धंद्यात याला क्रेझिंग म्हणतात. ओरखडा कापडाच्या किंवा धुळीच्या कणाच्या वाटेने जातो, त्यामुळे तो वाकडा, गोल, कसाही असतो आणि खोल असेल तर नखाला लागतो. क्रेझिंगच्या रेघा मात्र शिस्तीत उभ्या असतात, कारण त्यांची दिशा हाताने ठरत नाही, पदार्थाच्या आतल्या ताणाने ठरते. ताण ज्या दिशेने ओढत असतो तिला त्या काटकोनात असतात. आपल्या रेघा कडेला काटकोनात आहेत, याचा अर्थ कडेच्या लांबीच्या दिशेने पृष्ठभाग ताणलेला आहे. एका कोनातून झगमगणे आणि दुसऱ्या कोनातून पूर्ण नाहीसे होणे हीसुद्धा त्यांचीच खूण आहे.

हा ताण येतो कुठून? करवत बोथट असली, कापण्याचा वेग चुकला, कड लेसरने कापली किंवा चमक आणण्यासाठी तिच्यावरून ज्योत फिरवली की कडेचा पातळ थर तापून मऊ होतो. तो थंड होताना आकसू पाहतो, आतला थंड भाग त्याला आकसू देत नाही, आणि तो थर कायमचा ताणलेला राहतो. यावर उपाय म्हणून चांगला कारागीर तयार भाग भट्टीत सुमारे ८० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून अगदी सावकाश थंड करतो. जाड तुकड्याला याला फार वेळ लागतो, म्हणून घाईत हीच पायरी गाळली जाते. असा ताण वर्षानुवर्षे निमूट बसून राहू शकतो. मग त्यावर अल्कोहोल किंवा तत्सम द्रावक पडले की ते पृष्ठभागात शिरते, लांबलांब रेणूंची एकमेकांवरची पकड सैल करते आणि ताणलेली कड जागोजाग उसवते. काच पुसण्याच्या बहुतेक फवाऱ्यांत अल्कोहोल किंवा अमोनिया असतो. तुमचा फवारा निमित्त झाला, मूळ दोष कडेत आधीच होता. त्यामुळे स्वतःला फार बोल लावू नका.

आता पॉलिशबद्दल. कृपया करू नका, आणि कोणाला करूही देऊ नका. पॉलिश म्हणजे पदार्थ घासून कमी करणे. रेघ जितकी खोल, तितकी आजूबाजूची सगळी पातळी खाली आणावी लागते. शिवाय बफिंगच्या, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या, चाकाने पुन्हा उष्णता येते आणि पॉलिशच्या लेपात पुष्कळदा द्रावक असते, म्हणजे ज्या दोन गोष्टींमुळे हे झाले त्याच दोन्ही पुन्हा त्याच कडेवर येतात. पुढचे आठ दिवस कड सुंदर दिसेल आणि नंतर दुप्पट रेघा दिसतील, असे मी स्वतःच्या कामात अनुभवले आहे. ते काम मला गिऱ्हाइकाला पूर्ण नव्याने करून द्यावे लागले. तयार, थर चिकटवलेले शिल्प भट्टीत घालून ताण काढावा असेही कोणी सुचवेल. चिकटवलेले सांधे आणि वेगवेगळ्या थरांचे वेगवेगळे आकसणे पाहता तो जुगार मी दुसऱ्याच्या शिल्पावर खेळणार नाही.

सप्तरंगी डाग म्हणजे सांधा सुटण्याची सुरुवात आहे. दोन पृष्ठभागांमध्ये अतिशय पातळ पोकळी निर्माण झाली की तिच्या दोन बाजूंवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. पोकळी आणखी रुंदावली की रंग जातात आणि जागा चांदीसारखी दिसते. बोटाने दाबून तो डाग लहान होतो का हे पाहण्याचा मोह होईल. तो आवरावा, कारण दाब काढल्यावर सांधा पुन्हा उघडतो आणि प्रत्येक उघडझापीत थोडा पुढे सरकतो.

एक विचारायचे राहिले. शिल्पाच्या तळाला काय आहे? उघडा आहे, की काही चिकटवलेले आहे?

तिरका_घन

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आपण लिहिल्याप्रमाणे काल रात्री विजेरी तिरपी धरून चारही कडा तपासल्या. रेघा फक्त एकाच कडेला आहेत, बाकी तीन कडा निर्मळ आहेत. मी त्या मोजल्या, ३१ भरल्या. डागाचा आकार पारदर्शक कागदावर गिरवून त्यावर तारीख घातली आहे, म्हणजे तो वाढतो की नाही हे कळेल.

तळाला काळे फेल्ट, म्हणजे नमद्यासारखे जाड कापड, चिकटवलेले आहे, कडेपासून कडेपर्यंत. विक्रेत्याने सांगितले होते की तळावर कलावंताची सही आणि वर्ष कोरलेले आहे, पण ते फेल्टखाली असल्याने मी कधी पाहिलेले नाही. फेल्ट काढून पाहावे का?

करवत_आणि_कानस

एवढ्यात काढू नका. फेल्ट कशाने चिकटवले आहे हे माहीत नाही, आणि ते सुटण्यासाठी जे जे काही आपल्या हाताशी असते ते बहुतेक सगळे अ‍ॅक्रिलिकला बाधते. शिवाय कोरलेल्या अक्षरांच्या खाचांभोवतीही ताण असतो. तिथे द्रावक झिरपले तर सहीच्या भोवतीच तडे जातील. त्यापेक्षा एक करून पाहा. शिल्प पारदर्शक आहे, हे आपण विसरतो. वरच्या पैलूतून सरळ खाली पाहा आणि विजेरी बाजूने, तळाला जवळजवळ समांतर धरा.

संग्रही_जुना

या दोघांच्या संवादात थोडी भर घालतो, विशेषतः नवीन शिल्प घेताना काय पाहावे याबद्दल. मी बावीस वर्षे याच प्रकारची कामे जमवतो आहे आणि त्यांपैकी निदान तीन खरेद्या शुद्ध मूर्खपणाच्या होत्या.

सर्वांत आधी, समोर आहे ते अ‍ॅक्रिलिकच आहे का, हे ठरवावे. विसाव्या शतकातल्या पारदर्शक शिल्पांना सरसकट अ‍ॅक्रिलिक म्हणण्याची विक्रेत्यांना सवय आहे. शिल्पकार नाउम गाबो यांनी १९२० च्या दशकात सेल्युलोजपासून बनवलेले प्लॅस्टिक वापरले. ते पुढे पिवळे पडले, वाकले, चिरले, आणि काही कामे अक्षरशः हातची गेली. अ‍ॅक्रिलिक बाजारात आले ते १९३० च्या दशकात: ओटो रोम यांच्या कंपनीने प्लेक्सिग्लास हे नाव १९३३ मध्ये नोंदवले आणि ब्रिटनमध्ये पर्स्पेक्स त्याच सुमारास आले. गाबो यांनीही मग पर्स्पेक्स हाती घेतले, आणि १९४२-४३ मध्ये त्यावर नायलॉनचे दोरे ताणून केलेली त्यांची रचना प्रसिद्ध आहे. याउलट कॅलिफोर्नियातल्या १९६० आणि ७० च्या दशकांतल्या शिल्पकारांपैकी डी वेन व्हॅलेंटाइन आणि फ्रेड एव्हर्सली यांची ओतीव कामे पॉलिएस्टर रेझिनची आहेत. लांबून पाहता फरक कळत नाही, पण रेझिन उजेडाने पिवळे पडण्याकडे अधिक झुकते आणि त्याची देखभालही वेगळी असते.

आपल्या स्तंभासारखी, रंगीत थर चिकटवून केलेली भरीव कामे म्हटली की माझ्या पिढीच्या संग्राहकाला पहिल्यांदा वासा मिहिच आठवतात. ते मूळचे युगोस्लाव्हियातले, १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेले आणि तिथेच घन, स्तंभ, पिरॅमिड अशा साध्या आकारांत त्यांनी आयुष्यभर रंगांची मांडणी केली. त्यांच्या कामांवर सही आणि वर्ष कोरलेले सहसा आढळते. म्हणून अशा धाटणीचे प्रत्येक काम त्यांच्याच नावावर खपवण्याची प्रवृत्तीही आढळते, हे ध्यानात असू द्यावे.

वजन हा एक सोपा निकष आहे. अ‍ॅक्रिलिकची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.१९ ग्रॅम असते. आपल्या स्तंभाचे घनफळ ३००० घन सेंमी, म्हणजे वजन साडेतीन किलोच्या किंचित वर भरायला हवे. काच असती तर साडेसात किलोच्या आसपास भरली असती. पॉलिएस्टर रेझिनची घनता मात्र अ‍ॅक्रिलिकच्या इतकी जवळ असते की त्या दोघांत वजनाने निवाडा होत नाही. तापलेली सुई टोचून वास घेण्याची जुनी युक्ती कोणी सांगितली तर त्या माणसाला आपल्या संग्रहापासून दूर ठेवावे.

दुसरी गोष्ट कडांची. भौमितिक शिल्पाचा सगळा जीव कडेत असतो. दोन पैलू जिथे भेटतात तिथे रेघ सुरीच्या पात्यासारखी असायला हवी. पूर्वी कोणी पुन्हा पॉलिश केलेले असेल तर कड किंचित गोल होते, आणि ते नजरेला कळण्याआधी बोटाच्या टोकाला कळते. अर्थात हातमोजा घालून. पैलूची सपाटी पाहायची असेल तर त्यात खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब पाडावे आणि डोके हळूहळू हलवावे. चौकटीची सरळ रेघ कुठे पाण्यातल्यासारखी लवली तर तिथला एखादा ओरखडा घासून काढलेला आहे असे खुशाल समजावे. मी मूर्खपणा म्हणालो त्यांतली एक खरेदी अशीच होती: लख्ख, निर्दोष, आणि प्रत्येक पैलू मधोमध खोलगट.

तिसरी गोष्ट आतल्या ताणाची. संगणकाचा पडदा पूर्ण पांढरा करून शिल्प त्याच्यासमोर ठेवावे आणि पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर फिरवत न्यावी. एका स्थितीत पडदा काळा होतो. त्या काळ्या पार्श्वभूमीवर शिल्पाच्या पारदर्शक भागात कडेलगत किंवा भोकाभोवती उजळ पट्टे दिसले तर तिथे ताण साठलेला आहे. गडद रंगाच्या थरांतून हे नीट दिसत नाही, आणि पट्टे दिसले नाहीत म्हणजे ताण मुळीच नाही असेही नाही. तरीही खरेदीपूर्वीची ही पाच मिनिटे वाया जात नाहीत.

लख्ख_पैलू

वरील सर्व मतांचा आदर राखून सांगतो की थोडी अतिशयोक्ती होते आहे. माझ्याकडे अ‍ॅक्रिलिकचे दोन घन आहेत. त्यांच्यावरचे ओरखडे मी २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवला आणि मग गाडीच्या हेडलाइटसाठी मिळणारे पॉलिश लावून घालवले. एका घनावर तर मी साधी टूथपेस्ट वापरली. पाच वर्षे झाली, दोन्ही उत्तम आहेत. वस्तू आपली आहे, ती सुंदर दिसावी म्हणून थोडे कष्ट घेतले तर काय बिघडले?

करवत_आणि_कानस

आपले घन जर ओतीव अ‍ॅक्रिलिकच्या एकाच ठोकळ्यातून नीट कापलेले असतील आणि त्यांत ताण नसेल, तर आपण म्हणता तसे होऊ शकते. स्वतः वापरायच्या शोभेच्या वस्तूवर मीही हेच केले असते, फक्त टूथपेस्टऐवजी कणांचा आकार ठाऊक असलेला पॉलिशचा लेप घेतला असता. पण हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची असते, अ‍ॅक्रिलिकची नव्हे, आणि त्या पॉलिशमध्ये काय काय मिसळलेले आहे हे डबीवर पूर्ण लिहिलेले नसते. इथे मूळ प्रश्न ओरखड्यांचा नसून क्रेझिंगचा आहे. त्यावर आपला उपाय लागू पडत नाही.

मंदप्रकाश

संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाशी माझा कामानिमित्त संबंध आहे. "वस्तू सुंदर दिसावी म्हणून काय बिघडले" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तज्ज्ञांमध्येही त्यावर एकमत नाही. व्हॅलेंटाइन यांचा १९७५-७६ मधला करड्या रंगाचा प्रचंड रेझिनस्तंभ २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने प्रदर्शनात मांडला तेव्हा हाच पेच समोर होता: कलावंताच्या मते पृष्ठभागावर एकही खूण दिसता कामा नये, म्हणजे वेळोवेळी घासून चमकवणे आले, आणि जतन करणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक घासणीत कलावंताच्या हातचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. गेलेला पृष्ठभाग परत येत नाही, ओरखडा मात्र पुढच्या पिढीलाही घासून काढता येतो.

आता निगेबद्दल. कोरड्या कापडाने पुसल्यावर धूळ वाढते हे आपले निरीक्षण अचूक आहे. घासल्याने अ‍ॅक्रिलिकवर स्थितिज विद्युतभार साठतो आणि तो हवेतली धूळ ओढून घेतो. त्या धुळीत अ‍ॅक्रिलिकपेक्षा कठीण कण असतातच, त्यामुळे कोरडे पुसणे म्हणजे हलक्या हाताने वॉटर पेपर फिरवण्यासारखेच आहे. प्लॅस्टिकच्या वस्तूंवर २००८ ते २०१२ या काळात युरोपात पॉपआर्ट नावाचा मोठा संशोधनप्रकल्प झाला. पुसण्याच्या साधनाने पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे पडतात, हा त्यातही चिंतेचा विषय होता. म्हणून कमी वेळा आणि कमी जोराने पुसावे. कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ उडवण्याचा रबरी फुगा असतो, त्याने आधी धूळ उडवावी. मग आवश्यकता असेल तरच डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, सुगंधविरहित साबणाचे एकदोन थेंब घालून, नवे मायक्रोफायबर कापड त्यात भिजवून पिळावे आणि कापडाच्या स्वतःच्या वजनाइतक्याच दाबाने एका दिशेने फिरवावे. प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी पुढे घ्यावी. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने हेच करून दुसऱ्या कापडाने पाणी टिपून घ्यावे. आपल्या शिल्पाच्या बाबतीत रेघांची कड आणि सुटलेला सांधा सध्या पूर्ण वगळावा, कारण केशाकर्षणाने पाणी आत खेचले जाईल.

मागच्या बाजूलाही हात लावताना सुती किंवा नायट्राइलचे मोजे घालावेत. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे १.४९ आहे, म्हणजे आतून पृष्ठभागावर ४२ अंशांपेक्षा अधिक तिरका येणारा किरण बाहेर न पडता आरशासारखा पूर्ण परततो. आपला निळा थर नाहीसा होऊन किरमिजी दुप्पट दिसतो तो याचमुळे. पण मागच्या पैलूवर बोट टेकले की तेवढ्या जागेत हे परावर्तन मोडते, आणि बोटाचा तेलकट ठसा समोरून, रंगांच्या ऐन मध्यात दिसू लागतो. लोक मग समोरचा पैलू पुसत बसतात आणि डाग जात नाही.

उजेडाचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक उजेडाला बऱ्यापैकी दाद देत नाही. पण त्यातल्या रंगद्रव्यांविषयी तसे म्हणता येत नाही, आणि ज्यांच्या कडा आपोआप पेटल्यासारख्या दिसतात ते प्रतिदीप्त (फ्लुरोसंट) गुलाबी, नारिंगी आणि पिवळसर हिरवे रंग तर सर्वांत आधी विटतात. विटलेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. संग्रहालये अतिसंवेदनशील वस्तूंसाठी ५० लक्सची (लक्स हे उजेडाच्या प्रखरतेचे एकक) मर्यादा पाळतात. रोज आठ तास, वर्षभर असा उजेड ठेवला तर एकूण १,४६,००० लक्स-तास होतात. थेट उन्हाची प्रखरता सुमारे १,००,००० लक्स असते. म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलेले शिल्प दीड तासात त्या दालनातले अख्खे वर्ष जगून घेते. आपण संध्याकाळच्या तिरप्या उजेडाचा उल्लेख केला आहे. तो उजेड थेट शिल्पावर येत असेल तर आजच जागा बदलावी. गोल किंवा भिंगासारखा आकार असेल तर उन्हात आगीचाही धोका असतो, तो वेगळाच.

उन्हाचा दुसरा तोटा उष्णतेचा. अ‍ॅक्रिलिक तापल्यावर काचेच्या सातआठ पट प्रसरण पावते. ३० सेंमी उंचीचा स्तंभ १५ अंशांच्या फरकाने सुमारे ०.३ मिमी वाढतो. गडद निळा थर पारदर्शक भागापेक्षा जास्त ऊन शोषतो, म्हणून जास्त तापतो, आणि हा सगळा फरक सांध्याला सोसावा लागतो. सुटायला लागलेल्या सांध्याला याहून वाईट काही नाही.

हलवायची वेळ आली तर बुडबुड्यांचे प्लॅस्टिक थेट गुंडाळू नये, पृष्ठभागावर गोल ठसे उमटतात. आधी मऊ, आम्लरहित टिश्यू कागद, वर पॉलिथिनचा फोम आणि मग बाकीचे. मऊ व्हिनाइलच्या चकत्या किंवा रबरी बुटके पाय खाली लावू नयेत. त्यांतली तेलकट द्रव्ये अ‍ॅक्रिलिकमध्ये उतरतात. त्या मानाने आपले फेल्ट बरे.

तिरका_घन

सर्वांचे आभार. शिल्प काल खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी, उंच कपाटावर ठेवले आहे. जाताना वजनही करून घेतले: फेल्टसह ३ किलो ६०० ग्रॅम.

सही सापडली. वरच्या पैलूतून खाली पाहताना आधी काहीच दिसेना. विजेरी अगदी आडवी करून हळूहळू पुढे नेली तेव्हा काळ्या फेल्टवर राखाडी रंगाच्या उलट्या अक्षरांची एक ओळ उजळली आणि लगेच विझली. पुन्हा तोच कोन साधायला दहा मिनिटे लागली. छायाचित्र काढून उलटवून पाहिल्यावर नाव आणि वर्ष दोन्ही वाचता आले, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या वर्षात व कोरलेल्या वर्षात नऊ वर्षांचे अंतर निघाले. त्याबद्दल त्याला पत्र लिहिले आहे. डाग अजून गिरवलेल्या रेघेच्या आतच आहे, आणि फेल्ट होते तिथेच आहे.